देवाचा हात जिथे पोचला नाही

माझ्या अंगाला वास येतो, हे आधीच सांगून टाकते. कार्थेजच्या दक्षिणेला, खाडीच्या काठी, जिथून वारा शहराकडे जात नाही अशा जागी आमचं रंगाचं आवार आहे. काटेरी शंख फोडायचे, आतल्या गोगलगाईच्या पाठीतली शीर ओढून काढायची, ती तीन दिवस मिठात मुरवायची आणि मग शिशाच्या कढईत दहा दिवस मंद आचेवर ठेवायची. कुजकं मांस फेसासारखं वर येतं, ते हाताने काढत राहायचं. त्यातून जो जांभळा उतरतो तो मोठ्या लोकांच्या झग्यांच्या काठाला लागतो. वास आम्हाला राहतो. नवरा होता तोवर दोघांना, तो गेल्यापासून मला एकटीला. कितीही घासलं तरी नखांतून जात नाही.

म्हणून मंडळीत मी दाराशी बसते. प्रभूच्या दिवशी, म्हणजे रविवारी, सकाळी आम्ही ख्रिस्ती माणसं रोगाटसबाबांच्या मागाच्या शेडमध्ये जमतो. चाळीसेक माणसं. रोगाटसबाबा विणकर, आणि मंडळीचे वडील. प्रभूसमोर सगळे सारखे असं ते सांगतात. प्रभूसमोर असतीलही, पण नाकासमोर नसतात. माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी.

एका वर्षी अलेक्झांड्रियाहून एक वैद्य आला. मेनोफिलस त्याचं नाव. उंच, स्वच्छ, बोटं लांब आणि नखं कापलेली. गुलाबपाण्यात भिजवलेला रुमाल सतत हातात. आल्या आल्या दोन आजाऱ्यांना बरं केलं, तिसरा मेला तर त्याच्या आईपाशी दिवसभर बसून राहिला. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसाने केलं असतं तर मला इतकी शिसारी आली नसती.

तो बोलायला उभा राहिला की शेडमध्ये माग हलायचा थांबल्यासारखी शांतता व्हायची. एकदा तो म्हणाला, "बंधूंनो, देवाने जग कशातून केलं? तीनच वाटा आहेत. एक, स्वतःतून. पण मग देवाचे तुकडे झाले म्हणायचं, आणि देवाचे तुकडे होत नाहीत. दोन, काहीच नव्हतं त्यातून. पण मग रोग, सर्प, मेलेली बाळं, हे सगळं त्याने मुद्दाम केलं म्हणायचं, कारण त्याला अडवायला दुसरं काही नव्हतंच. असं कोण म्हणेल? मग उरली तिसरी वाट. आधीपासून काहीतरी होतं. आकार नसलेलं, ढवळलेलं, चिखलासारखं. देवाने त्याला हात घातला आणि जेवढं वळलं तेवढ्याचं जग केलं. जे वळलं नाही, तो गाळ अजून आपल्यात आहे. वाईट दिसतं ते देवाचं नव्हे, त्या गाळाचं."

रोगाटसबाबा जागेवरूनच ओरडले, "म्हणजे घाण देवाइतकीच जुनी! मग तिलाच नमस्कार कर की!"

"बाबा, कुंभाराला माती लागतेच."

"कुंभार देव नाही म्हणून लागते!"

लोक हसले. पण मी नाही हसले. मला मेनोफिलसचं पटलं होतं. माझ्या नवऱ्याच्या छातीत काहीतरी वाढलं आणि तो तीन महिने ओरडून ओरडून मेला. देवाने हे केलं, असं मानून मी प्रार्थनेला बसत होते, आणि घशाशी येत होतं. आता कोणीतरी सांगत होतं की बाई, ते त्याने केलेलं नाही, त्याचा हात तिथे पोचला नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी रस्त्याने गात गेले. खरंच.

त्याच भरात मी माझ्या भावाला सांगितलं. यादेर माझा धाकटा भाऊ, मीच वाढवलेला. बंदरावर दोर वळतो. त्याची बायको दोनाटा तेव्हा पोटुशी होती. आम्ही तिघं त्यांच्या ओट्यावर जवाची भाकरी आणि खारवलेले ऑलिव्ह खात बसलो होतो. मी म्हटलं, "अरे, हे आमच्या धंद्यासारखंच आहे. टोपलीभर शंख फोडले तर काहींत रंगच नसतो. त्यात रंगाऱ्याचा काय दोष? तो फेकून देतो आणि पुढचा घेतो."

यादेरला ते इतकं आवडलं की त्याने दुसऱ्या दिवशी मेनोफिलसला जाऊन सांगितलं, आणि मेनोफिलसने पुढच्या प्रभूच्या दिवशी ते माझं नाव घेऊन सगळ्यांना सांगितलं. "आपल्या बिरिक्तताईंनी सोपं करून दिलंय," असं म्हणाला. चाळीस माणसांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. मला लाज वाटली, पण गोड वाटली. आता ते आठवलं की तोंडात कडू येतं.

दोनाटा बाळंत झाली त्या दिवशी मी कढईपाशी होते. फेस काढायची पाळी असली की हलता येत नाही. दुपारी निरोप आला की मूल मेलेलंच जन्मलं. हात धुवून धावत गेले. दोनाटा भिंतीकडे तोंड करून पडली होती. यादेर उंबऱ्यात बसला होता.

"कुठंय?" मी विचारलं.

"पुरलं."

"इतक्यात? मला न दाखवता?"

"काय बघायचंय, अक्का? बघण्यासारखं नव्हतं."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दोनाटासाठी पेज केली. ती प्यायली नाही. दूध आलं होतं तिला, सदऱ्यावर दोन ओले डाग, आणि ती ते हाताने झाकत होती. मग पाणी आणायला विहिरीवर गेले, तिथे गुदुल्ला सुईण कपडे धूत होती. रक्ताचे. मला बघून तिने मान खाली घातली आणि जोरजोरात आपटायला लागली.

"गुदुल्ले, फार त्रास झाला का गं तिला?"

"त्रास कसला. पहिलटकरीण असून सरळ सुटली."

"आणि मूल मेलेलंच..."

तिने कपडा खाली टाकला. ती आमच्यातली नाही, ती आकाशदेवीला दिवा लावणारी. म्हणाली, "बिरिक्त, मी चाळीस वर्षं पोरं बाहेर काढतेय. मेलेलं मूल रडतं का गं?"

माझ्या हातातली घागर तशीच राहिली.

"पोरगी आहे. ओठ नाकापर्यंत फाटलेला, आत टाळू नाही. तोंड आणि नाक एकच भगदाड. मी जमिनीवर ठेवली, म्हटलं बाप उचलून आपली म्हणेल. त्याने उचलली नाही. तुमच्या त्या वैद्याला बोलावलं. त्याने रुमाल नाकाला लावला, वाकून बघितलं, तुझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर घेऊन गेला. आत आल्यावर तुझ्या भावाने पोर चादरीत गुंडाळली. तुम्ही लोक तर मोठ्या तोऱ्यात सांगत असता ना, आम्ही पोरं टाकत नाही म्हणून? अगं, मला वाटलं होतं तुमचं तेवढं तरी खरं असेल."

"कुठे नेली?"

"कुठे नेतात?"

वेशीबाहेरचा उकिरडा सगळ्यांना माहीत आहे. भट्ट्यांची राख, खाटकांच्या दुकानातली आतडी, फुटके घडे, मेलेली गाढवं. मी वासात जन्म काढलेली बाई, पण तिथे मला उलटी झाली. ती नुसत्या वासाने नाही झाली. एक बाई काठीने ढीग उपसत होती. टाकलेली पोरं उचलून नेऊन वाढवतात आणि मग विकतात, त्यातली. तिने मला बघितलं आणि खांदा उडवून म्हणाली, "तिकडे एक आहे. मी बघितलं, ते काही कामाचं नाही."

त्यातल्या त्यात स्वच्छ जागा बघून ठेवली होती भावाने. राखेवर. चादरही चांगली होती, माझ्याच हातची. चार हातांवर एक कुत्रं बसलं होतं, घाई नसल्यासारखं. मी दगड मारला. चादर उलगडली.

खोटं नाही बोलणार. मला किळस आली. शंख फोडल्यावर आत जसं ओलं, गुलाबी, नको ते दिसतं, तसं होतं ते तोंड. माश्या बसल्या होत्या. जिवंत आहे की नाही हे बघायला बोट लावावं लागणार होतं आणि माझं बोट पुढे जाईना. पहाटेपासून सडकं मांस ढवळणारं माझं बोट! मग पोरीने श्वास घेतला. नाकातोंडातून एकदम, शिट्टीसारखा आवाज करत. मी तिला उचलली आणि शंखांच्या टोपलीत घातली. पदराने माश्या हाकलत आवाराकडे निघाले.

वाटेत यादेरकडे गेले. टोपली खाली न ठेवता दारातच उभी राहिले. त्याने वासावरून ओळखलं असेल मी आले ते, पण वर बघेना.

"पुरलं म्हणालास."

तो हातातल्या दोराचं टोक उसवत राहिला.

"राखेत पुरतात का? कुत्र्याच्या राखणीत?"

"हळू बोल, दोनाटा झोपलीये."

"तिला माहीत आहे?"

"ती ग्लानीत होती. तिला सांगितलंय मेलेलं होतं. अक्का, ऐक. वैद्य म्हणाले ते मूल झालेलंच नाही. मूल व्हायच्या आधीच राहिलंय. देवाचा हात पोचलाच नाही त्याच्यापर्यंत. ज्याला देवाने हात लावला नाही त्याला टाकलं तर ते मारणं होत नाही."

"असं म्हणाले? टाक म्हणाले?"

"टाक नाही म्हणाले. म्हणाले, 'तुझ्यावर दोष नाही.'" मग त्याने मान वर केली. डोळे लाल होते. "आणि तूच सांगितलंस ना? याच ओट्यावर. ज्यात रंग नाही तो शंख फेकायचा."

माझ्यावर कोणीतरी कढई ओतल्यासारखं झालं. मी त्याला थोबाडीत मारणार होते. पण हात कोणावर उगारायचा तेच कळेना. एवढंच म्हटलं, "आपले पणजे पोरं सॅटर्नदेवाच्या विस्तवात द्यायचे म्हणतात. आपण त्यांच्या नावाने थुंकतो. पण ते निदान देवाला द्यायचे, यादेर. आई समोर उभी असायची. तू कुत्र्याला दिलीस, आणि बायकोशी खोटं बोललास."

टोपलीत काय आहे हे त्याने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. पण टोपलीतून तोच शिट्टीसारखा आवाज आला. तो ऐकून माझा भाऊ उठला, आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

पोरीला पाजणं म्हणजे शिक्षा होती. दूध तोंडात घातलं की नाकातून बाहेर. जास्त घातलं की ती निळी पडायची. शेवटी मी तिला मांडीवर उभी धरली आणि लोकरीची वात शेळीच्या दुधात भिजवून जिभेच्या पार मागे एकेक थेंब सोडायला लागले. एका वाटीला अर्धा दिवस. त्यातलं निम्मं माझ्या अंगावर. आंबलेलं दूध, शेंबूड आणि शंखांचा वास, सगळं एक झालं. दोन वेळा मी तिला खाली ठेवून बाहेर जाऊन ओकले. दोन्ही वेळा परत आले, एवढंच माझं पुण्य.

तिसऱ्या दिवशी दोनाटा आली. गुदुल्लाने सांगितलं असणार. भिंत धरत धरत चालत आली होती, इतक्या लांब, बाळंतीण बाई. आवाराच्या दाराशी आली आणि वासाने तिला भडभडून आलं. तोंड पुसून म्हणाली, "कुठंय?"

मी चादर बाजूला केली. तिने पाहिलं आणि मागे सरली. चेहरा असा झाला की मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझाही असाच झाला होता.

"हात नाही लावत मी," ती म्हणाली.

"नको लावू."

"मला होणार नाही, वन्सं."

"बरं."

ती तिकडे तोंड करून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "वाटी द्या." आणि पाठमोरी बसून तिने दूध पिळून दिलं. वाटी माझ्याकडे न बघता सरकवली. दुसऱ्या दिवशी परत आली. तेच. रोज यायची, दाराशी ओकायची, वाटी भरून द्यायची आणि जायची.

मग प्रभूचा दिवस आला. मी ठरवून पोरीला टोपलीत घालून शेडमध्ये नेलं. तिथे वाद पेटलाच होता. रोगाटसबाबा आणि मेनोफिलस समोरासमोर, मंडळी दोन बाजूंना. यादेर वैद्याच्या बाजूला, भिंतीला टेकून. बाबा हात उडवत सांगत होते, "त्याने म्हटलं आणि झालं! आधी काही नव्हतं. माती नाही, पाणी नाही, गाळ नाही, काळोखसुद्धा त्याचाच! त्याला उसनं काही लागत नाही!"

मी दाराशी बसले नाही. सरळ मधोमध गेले आणि टोपली दोघांच्या मध्ये ठेवली. लोक वासाने सरकले. मग त्यांनी टोपलीत पाहिलं आणि आणखी सरकले.

"वैद्यबुवा," मी म्हटलं, "ही कोणाची?"

मेनोफिलसने पाहिलं. तो चांगलाच पांढरा पडला. रुमाल नाकाशी गेला. "ताई, तुम्ही... तुमच्या दयेला तोड नाही. पण हे देवावर ढकलू नका. मी तेच तर सांगतो. हा देवाचा दोष नाही."

"दोष कोणाचा ते नाही विचारलं. पोरगी कोणाची विचारलं. तुमच्या हिशेबाने देवाची नाही, बापाची नाही. मग कुत्र्याची?"

"मी कोणाला टाकायला सांगितलं नाही."

"नाही सांगितलंत. तुम्ही नुसती वाट झाडून दिलीत. चालायचं काम दुसऱ्याला."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं. आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त शिसारी आली. रडतानाही रुमाल नाकावरून हलला नव्हता.

रोगाटसबाबांचा चेहरा उजळला होता. जिंकल्यासारखा. "बघा!" ते मंडळीकडे वळून म्हणाले. "बघा यांची शिकवण कुठे नेते ती! देवाने सगळं केलं आणि सगळं चांगलं केलं!"

"मग घ्या," मी म्हटलं.

"काय?"

"सगळं चांगलं केलंय ना? घ्या हातात. कपाळावर क्रुसाची खूण करा. बाकीच्या पोरांना करता तशी."

बाबांनी टोपलीत पहिल्यांदा नीट पाहिलं. जीभ वळवळत होती त्या भगदाडात. ते एक पाऊल मागे गेले. "करू... करू की. थोडी मोठी होऊ दे. जगते की नाही तेही... आणि बिरिक्त, आईबापांचं काही पाप असेल, ते आधी विचारायला हवं."

भिंतीपाशी यादेर असा आक्रसला की जणू त्याला कोणी लाथ घातली.

"वा रे बाबा!" मी म्हटलं. "आधी काहीच नव्हतं, सगळं एकट्या देवाने केलं, आणि फाटका ओठ दिसला की लगेच आईबाप आठवले! वैद्याने गाळ शोधला, तुम्ही पाप शोधलंत. पोरीला हात लावायचा नाही, त्यावर मात्र दोघांचं एकमत."

मी टोपली उचलली. मला त्या सगळ्यांची, त्यांच्या घासलेल्या हातांची, त्यांच्या गोड आवाजांची इतकी घाण वाटली की बाहेर येऊन मी रस्त्यावर थुंकले. मग लक्षात आलं की गेल्या महिन्यात त्याच शेडमध्ये माझं नाव घेतल्यावर मी लाजले होते. मग स्वतःवरही थुंकावंसं वाटलं, पण ते जमत नाही.

पाच दिवस मी प्रार्थना केली नाही. दोनाटा वाटी देत होती, मी वात पिळत होते. पाचव्या दिवशी पोरीला खोकला लागला, ती निळी व्हायला लागली. माझे हात कढईत, कोपरापर्यंत. मी ओरडले, "दोनाटा, उचल! उभी धर!" तिने धरली. पाठीवर थापटलं. पोरीने नाकातून सगळं दूध तिच्या मानेवर ओकलं आणि श्वास घेतला. दोनाटा तशीच उभी राहिली, मान ओली. मी हात पुसून पोर घ्यायला गेले तर म्हणाली, "असू दे." तेवढंच.

त्याच दिवशी दुपारी रोगाटसबाबा आवारात आले. एकटे. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले. फाटकातून आत आले आणि पहिल्या कढईपाशीच त्यांना ओकारी आली. वाकून, काठी धरून, बिचारे सगळं सकाळचं जेवण टाकून बसले. मी पाणी दिलं. त्यांनी चूळ भरली, डोळे पुसले.

"तू रोज यात असतेस?"

"तीस वर्षं झाली, बाबा. तुमच्या मागावरचा जांभळा काठ यातूनच येतो."

त्यांनी काठी सावरली. दोनाटाकडे गेले, हात पुढे केले. पोर घेतली, त्या तोंडाकडे पाहिलं. मग अंगठ्याने कपाळावर खूण केली. पोरीने त्यांच्या बाहीवर दूध सांडलं.

"नाव काय ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

दोनाटा म्हणाली, "अरिशत. माझ्या आईचं."

ते जायला निघाले तेव्हा मी त्यांना अडवलं. "बाबा, एक सांगा. वैद्याचा देव मला कळतो. त्याच्या हातात वाईट माल आला, त्याने जमेल तेवढं केलं. त्याचा राग येत नाही. पण तुमचा देव? त्याला काही अडचण नव्हती म्हणता. माती नव्हती, गाळ नव्हता, कोणी हात धरला नव्हता. मग हिचा ओठ असा का केला?"

मला वाटलं आता परत पाप काढतील, नाहीतर परीक्षा काढतील. ते काठीने वाळू उकरत राहिले.

"मला माहीत नाही," म्हणाले. "शपथेवर सांगतो, मला माहीत नाही. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे. पण त्याने केली नसेल, तर ती कोणाचीच नाही, पोरी. आणि त्याने केली असेल तर... तर त्याला जाब तरी विचारता येईल."

"मी विचारणार आहे."

"विचार. माझ्याही वतीने विचार."

त्या रात्रीपासून मी परत प्रार्थनेला बसायला लागले. प्रार्थना कसली, भांडण म्हणा. मेनोफिलसच्या देवाशी भांडता येत नव्हतं. त्याला काही बोललं की तो बिचारा हात वर करून गाळाकडे बोट दाखवायचा. बाबांच्या या देवाला पळायला जागाच नाही. मी त्याला अजूनही सोडलेलं नाही. अजून उत्तरही आलेलं नाही.

मेनोफिलस उन्हाळ्यात बंदरापलीकडे राहायला गेला. मंडळीतली पंधरा माणसं त्याच्याबरोबर गेली. तिथे त्यांची वेगळी मंडळी भरते, छान चालते म्हणतात. तो अजून आजाऱ्यांपाशी बसतो, फुकट औषधं देतो. रस्त्यात दिसला की मान लववतो. मी लववत नाही. यादेर त्यांच्याबरोबर गेला, आणि मग तिथूनही निघाला, दक्षिणेला हद्रुमेतम शहराच्या बाजूला दोर वळायला. चार वर्षं त्याचा पत्ता नव्हता.

दोनाटा माझ्याकडे राहायला आली. आता ती शीर माझ्यापेक्षा सफाईने काढते. अरिशत जगली. दात आल्यावर पेज खायला लागली. खाताना नाकातून येतं, पुसावं लागतं. बोलते, पण शब्द नाकातून वाहून जातात, आम्हा दोघींनाच कळतात. आवारातल्या बायका आधी तिच्याकडे पाठ करून जेवायच्या. आता काही जणी करत नाहीत.

अंजीर पिकायच्या दिवसांत यादेर आला. वाळून काटकी झालेला, दाढीत पांढरं. फाटकात उभा राहिला, आत यायचं धाडस होईना. अरिशत शंखांच्या ढिगावर बसून आपल्याशीच काहीतरी बडबडत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर जमिनीवर टाकली.

"अक्का, मी..."

मी फेस काढत राहिले. मी त्याला वाढवलं होतं, तो आजारी दिसत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. दोन्ही खरं होतं.

दोनाटा कोयता ठेवून उठली. तिने काही विचारलं नाही, रडली नाही. पेजेचं भांडं आणलं, दोन वाट्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या. "जेवायचं असेल तर तिच्या बाजूला बसून जेव," म्हणाली. "तोंड फिरवायचं नाही. फिरवायचं असेल तर वाट माहीत आहे."

तो बसला. अरिशतने त्याच्या दाढीकडे पाहून काहीतरी विचारलं. "ती विचारतेय, तुला थंडी वाजते का," दोनाटाने सांगितलं. कारण त्याचे हात हलत होते. त्याने दोन घोट घेतले. तिच्या नाकातून पेज आली. त्याने वाटी खाली ठेवली. तोंड फिरवलं नाही, पण उठला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी परत आला. चार घोट. तिसऱ्या दिवशी अर्धी वाटी. असा तो नऊ दिवस आला. दहाव्या दिवशी आला नाही. नंतर कळलं, दगडाच्या खाणीवर कामाला लागलाय, दहा कोसांवर. सणासुदीला येतो. येताना अंजिरं आणतो, हाताने कुस्करून, तिला गिळता येतील अशी. मी त्याच्याशी बोलते, कामापुरतं. दोनाटा तेवढंही नाही. अरिशत त्याला 'दाढी' म्हणते, आणि तो कधी येणार असं मला विचारत राहते.